लॉटीची झोप

नोरीनने कॉफीचे कप गॅरेजमध्ये नेऊन ठेवले. ड्रमपुढच्या स्टुलावर डेलबर्टची उशी होती. नव्या वादकाने ती उचलून बाजूला ठेवली, स्टूल जरा खाली घेतलं आणि मग अवघडून तिच्याकडे बघितलं.

"बस रे, लाजतोस काय," गिटार गळ्यात अडकवत क्लेटन म्हणाला. "ही नोरीन, डेलबर्टची बायको. हिच्या कॉफीवरच चालतो आपला बँड."

ती सवयीने हसली. सुरुवातीच्या पाच जणांतले आता क्लेटन आणि डेलबर्टच उरले होते. गायक गेला, ऑर्गनवाला गेला, बेसवाले तर दोन झाले. नाव मात्र तेच राहिलं, आणि दर नव्या माणसाला पहिली कॉफी नोरीननेच दिली. गेलेल्यांच्या बायका पुढे फोन करीनाशा झाल्या. तिनेही कधी केला नाही.

"फक्त मेकन शहरातल्या कार्यक्रमापुरतं, हं," क्लेटन हळूच म्हणाला. "डेलच्या हाताची थरथर थांबली की..."

"वेल्माच्या नवऱ्याच्या जागी ऑर्गनवर दुसरा आणलास, तेव्हाही तू कार्यक्रमापुरतंच म्हणाला होतास."

क्लेटन मान खाली घालून तारा लावू लागला.

स्वयंपाकघरात डेलबर्ट उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता. शेजारी पाळण्यात लॉटी. भिंतीपलीकडे गॅरेज. जन्मल्यापासून ही पोर त्या भिंतीतून येणाऱ्या बापाच्या ठेक्यावरच झोपत आली होती.

"आता बघ," तो म्हणाला. "दुसऱ्याचा हात पडला की कशी घर डोक्यावर घेते ते."

ठेका सुरू झाला. जड, सरळ, कुठेही न अडखळणारा. कित्येक महिन्यांत या घरात असा ठेका वाजला नव्हता. लॉटीने डोळे किलकिले केले, मूठ तोंडाशी नेली. मग मूठ हळूहळू उघडली आणि श्वास संथ झाला.

डेलबर्ट पाळण्यावर वाकून वाट बघत होता.

दुपटं सारखं करायच्या निमित्ताने नोरीनने आत हात घातला. मऊ मांडी बोटांना लागली. तिने चिमटा काढला.

लॉटी किंचाळली.

"बघ! म्हटलं नव्हतं?" डेलबर्टचा चेहरा उजळला. "पोरीला कळतं गं!"

"हो," लॉटीला छातीशी घट्ट धरत नोरीन म्हणाली. "कळतं तिला."

भिंतीपलीकडे कुणी थांबलं नाही. नोरीन थोपटत राहिली. हुंदके विरत गेले, डोकं खांद्यावर जड झालं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपला हात पलीकडच्या ठेक्यावरच पडतो आहे.

डेलबर्ट त्या हाताकडेच बघत होता.