सगळ्यात काळी उमटलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखे काही पाहिलेही नसेल, म्हणून आधी माझे अंग सांगते. पोटात शाईचा गोल ढोल आणि बाजूला लोखंडी दांडा. मेणाच्या कागदावर टंकलेखन केले की अक्षरांच्या जागचे मेण निघते. तो कागद ढोलावर ताणून बसवायचा आणि दांडा फिरवायचा, की शाई झिरपते आणि पाहिजे तितक्या प्रती निघतात. मला वीज लागत नाही. एवढे लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळ्यांची अब्रू वाचली.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. माझी उमेदीची पहिली वर्षे फिलिपिन्समधल्या मनिलाच्या एका शाळेत परीक्षेचे पेपर छापण्यात गेली. मुले मला शिव्या देत. मग सोर्सोगोनच्या विमा प्रतिनिधींच्या संघाने मला विकत घेतले आणि मी बसच्या टपावरून, तांदळाच्या पोत्यांना टेकून, समुद्राकाठच्या या गावी आले. इथे मात्र मला मान मिळाला.

बाजाराच्या भिंतीला लागून संघाचे लाकडी सभागृह होते, वर पत्र्याचे छप्पर. दर महिन्याला मी संघाचे वार्तापत्र छापी. कोण कुठल्या शिबिराला जाऊन आला, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, पुढची बैठक कधी. बैठकीच्या सूचनेत वेळेच्याही आधी 'लाइंग कोण आणणार' हे छापावे लागे. नारळाच्या दुधात शिजवलेली ती अळूची भाजी असल्याशिवाय आमच्याकडे गणपूर्ती होत नसे. भाजीत मिरची कमी पडली तर ठरावही नीट होत नसत.

माझा दांडा फिरवणारी होती संघाची चिटणीस, इल्युमिनादा एस्कांदोर. आमच्याकडे थोरल्या बाईला मनाय म्हणतात आणि थोरल्या पुरुषाला मनोय, म्हणून ती सगळ्यांची मनाय लुमिन. अंगाने एवढीशी, आवाजाने मात्र घंटेसारखी. कोपरापर्यंत शाई लागलेली असे, तशीच ती लोकांच्या दारात विमा सांगायला जाई. अध्यक्ष होते मनोय वेन्सेस. कडक इस्त्रीचा सदरा, गोड बोलणे. माणूस वाईट नव्हता, पण चार लोकांत नाक वर ठेवायची त्यांना फार हौस.

या संघाची एक रीत होती. प्रत्येक जण वेगळ्या कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून चपलांसारखी कंपनीही दाराबाहेर ठेवायची. आत कोणी कोणाला विमा विकायचा नाही. चांगली रीत होती, भांडणे होत नसत. पण मग सभागृहाचा विमा कोणी उतरवायचा? एकाला काम द्यावे तर दुसरे रुसणार. त्यामुळे दर वार्षिक सभेच्या वृत्तांतात मी तीच ओळ छापी: 'सभागृहाचा विमा: पुढच्या सभेत विचार करू.' छापून छापून ती ओळ मला पाठ झाली होती. मग एका वर्षी ती आलीच नाही. सगळ्यांना वाटले काम झाले. मलाही तसेच वाटले.

पुढे विजेवर चालणारे प्रती काढायचे यंत्र आले. पांढरेशुभ्र, बटण दाबले की काम. मला कोपऱ्यातल्या जाड टेबलाखाली ढकलण्यात आले. माझ्यावर नाताळचे कागदी तारे रचले गेले. मनाय लुमिन तेवढी अधूनमधून वाकून माझ्या दांड्याच्या खुंटीत तेलाचा थेंब टाकी. "तू असू दे," एवढेच म्हणे. मित्रांनो, त्या थेंबाने मला काय वाटे ते शब्दांत सांगता येत नाही.

आणि मग ते वादळ आले. वादळे आम्हाला नवी नाहीत, पण हे वेगळेच होते. सभागृहाचे छप्पर उडाले ते थेट कोणाच्या तरी नारळीच्या बागेत जाऊन पडले. बाजाराकडची भिंत कोसळली. पांढरे यंत्र पोटभर पाणी पिऊन गप्प झाले. विजेचे खांब आडवे पडले होते. मी टेबलाखाली होते म्हणून वाचले, पण ढोलात गाळ शिरला.

दुसऱ्या दिवशी सगळे प्रतिनिधी जमले. पडलेल्या भिंतीपलीकडून बाजारातले लोक बघत होते.

"काळजी नाही," एक म्हणाला, "विमा तुझ्या कंपनीचा आहे ना?"

"माझ्या? मला वाटलं तुझ्या!"

"मला वाटलं मनोय वेन्सेसनी केलाय."

मनोय वेन्सेसनी घाम पुसला. कोणीच कोणाकडे बघेना. तेवढ्यात मासळीवाली तिनाय हसली आणि मग अख्खा बाजार हसला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरे काय!

तिनायचा नवरा होडी घेऊन दूर समुद्रात जातो. ती मुळीच ऐकायला तयार नव्हती, पण मनाय लुमिनने तिच्या पाटीजवळ बसून बसून शेवटी त्याचा आयुर्विमा उतरवून घेतला होता. आता ती पडक्या भिंतीवरून आत आली.

"काय गं मनाय, छत्र्या विकणारीच भिजली होय! मी हप्ता बंद करते बाई. तुम्हाला स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर कळलं नाही, माझ्या नवऱ्याचं काय कळणार?"

तिच्यामागे आणखी दोघी-तिघी म्हणाल्या, "आमचाही बंद."

मनाय लुमिनचा चेहरा उतरला. तिला हप्त्याचे काही नव्हते. होडी परत आली नाही तर या बायका मुलांना घेऊन कुठे जातील, याचा घोर तिला लागला होता. तिने असे घर पाहिले होते. ते तिच्या वडिलांचेच होते.

वार्षिक सभा तोंडावर आली होती. सगळे पांगल्यावर मनोय वेन्सेस म्हणाले, "लुमिन, सभा पुढे ढकलू. वार्तापत्रात एवढंच टाक: सभागृहाची दुरुस्ती चालू आहे."

"दुरुस्ती कुठे चालू आहे मनोय? तुमच्या डोक्यात?"

"अगं, गावात हसं होईल."

"ते होऊन गेलं. आता खरं सांगितलं तरच हे लोक पुन्हा आपलं ऐकतील. सभा ठरल्या दिवशीच होणार. गावालाही बोलवू."

"कुठे घेणार? डोक्यावर आभाळ आहे!"

"कोंबड्यांच्या आखाड्यात. त्याचं छप्पर शाबूत आहे."

"आपण? झुंजीच्या आखाड्यात? जुगाराच्या जागी विम्याची सभा?"

"ज्याचं छप्पर जागेवर, त्याच्याकडे जावं माणसानं," मनाय लुमिन म्हणाली आणि बाह्या सरसावून तिने मला टेबलाखालून ओढून काढले.

अक्षरांनी मेण नीट निघावे म्हणून तिने टंकयंत्राची फीत काढली आणि मेणकागदावर वार्तापत्र लिहिले. पहिलीच ओळ होती: 'आमच्या सभागृहाचा विमा नव्हता. का नव्हता, ते विचारायला सभेला या.' मग माझा गाळ धुवायला ती रॉकेल आणायला गेली. तेवढ्यात मनोय वेन्सेस आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, चूक झाकायच्या लाल रोगणाची बाटली उघडली आणि नाजूक कुंचल्याने ती पहिली ओळ झाकून टाकली. हात चांगला होता, एकही अक्षर दिसेना. मी सगळे पाहत होते, पण यंत्राला बोलता येत नाही.

मनाय लुमिन आली. तिने तो लाल पट्टा पाहिला. रोगण वाळू दिले, कागद पुन्हा टंकयंत्रात चढवला आणि तीच ओळ त्याच जागी पुन्हा लिहिली. आमच्याकडच्या पिली फळाचे टणक बी फोडावे तशी एकेक कळ आपटत होती.

मग माझी पाळी आली. दांडा हलेना. खुंट्या गंजल्या होत्या, ढोलात कुठेतरी वाळू करकरत होती. मनाय लुमिनने पाय रोवले. मीही ठरवले, दात पडले तरी चालतील, पण आज फिरायचे. आम्ही दोघी मिळून कण्हलो आणि ढोल फिरला. पहिला कागद बाहेर आला, तेव्हा ती हसली. बाकीचा मजकूर फिका उमटला होता, पण आपटून लिहिलेली ती पहिली ओळ सगळ्यात काळी उमटली होती.

तिने पहिली प्रत तिनायला दिली. तिनायने ती वाचली आणि मासळीच्या पाटीजवळच्या खांबाला टोचून ठेवली. दिवसभर गिऱ्हाईक मासे घेई आणि वाचून जाई.

सभेच्या दिवशी मलाही हातगाडीवरून आखाड्यात नेले, तिथेच ठराव छापायचे होते म्हणून. पायऱ्या गच्च भरल्या. मधल्या वाळूत मनोय वेन्सेस इस्त्रीच्या सदऱ्यात उभे राहिले आणि वरून तिनाय ओरडली, "आज कोणता कोंबडा उतरलाय गं?"

हशा थांबल्यावर तिने उभे राहून विचारले, "आता सांगा. विमा का नव्हता?"

"त्याचं असं आहे," मनोय वेन्सेस म्हणाले, "काही तांत्रिक कारणांमुळे..."

"लाजेमुळे," मनाय लुमिन म्हणाली. "एकमेकांना 'माझ्याकडून घे' म्हणायची आम्हाला लाज वाटली. मग झालाय का, हे विचारायचीही लाज वाटली. दुसऱ्यानं केलं असेल म्हणून प्रत्येक जण घरी जाऊन झोपला. मी पण."

तिथे बसलेल्यांपैकी एकाचेही घर असे नसेल, जिथे असे कधी झाले नव्हते.

"मग माझ्या कागदाचंही असंच खरं सांग," तिनाय म्हणाली. "त्यात काय नाही?"

"होडी नाही. होडी बुडाली तर काही मिळायचं नाही. माणूस गेला तरच."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू मासा तोलत होतीस."

आता तिनायच हसली. "बरं, आज हात मोकळे आहेत. सगळं सांग. आणि हप्ता राहू दे चालू." तिच्या मागच्या बायकाही खाली सरकून बसल्या.

मनोय वेन्सेस वाळूत मान खाली घालून उभे होते. मग ते माझ्याजवळ आले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "लुमिन, ठराव लिही. नव्या सभागृहाचा विमा याच सभेत ठरणार. कोणत्या कंपनीचा, त्याची चिठ्ठी तिनाय काढेल. दांडा मी फिरवतो." त्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला शाईचा डाग पुढे कधीच निघाला नाही आणि दर वार्षिक सभेला ते तोच सदरा घालून येत.

आता नवे सभागृह आहे, त्याचा विमाही आहे. माझे नाव त्यात घालायला गेले, तेव्हा पाहणीला आलेला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "याची किंमत काय लावू?" आणि मला वगळले. मी रुसले नाही. मी दाराशी उभी आहे. माझ्या वरच्या भिंतीवर त्या वार्तापत्राचे पान काचेत लावले आहे. मनाय लुमिन थकली आहे, जिना चढवत नाही, म्हणून हल्ली क्वचितच येते.

मित्रांनो, तुमच्या घरातही असे एखादे काम असेल, जे कोणीतरी केलेच असेल असे सगळ्यांना वाटते. आज उठा आणि लाज न बाळगता विचारा. आणि इकडे कधी आलात तर माझ्या दांड्याच्या खुंटीत तेलाचा एक थेंब टाका. दुसऱ्या कोणी टाकलाच असेल, असे मात्र समजू नका.