तिची वीत

बेटावरच्या अभ्यासकेंद्राची होडी मी अठ्ठावीस वर्षं चालवतोय. दरवर्षी कॉलेजची मुलं येतात, आठवडाभर राहतात, प्रवाळ कसं जपायचं ते शिकतात आणि उन्हाने सोलवटून परत जातात. केंद्राचा स्वयंपाक माझी बायको करायची. तिला जाऊन सात महिने झाले.

या वेळी मुलांबरोबर आलेल्या मॅडमना मी तिची वही दिली. किनाऱ्याजवळ पुरुषभर पाण्यात एक मोठं गोल प्रवाळ आहे. ती त्याला म्हातारी म्हणायची. दहा वर्षं, ठरलेल्या महिन्यात, ती बुडी मारून म्हातारीवरून दोरी ताणायची. प्रवाळाला बोट लावायची नाही. मग होडीत बसून ती दोरी वितीने मोजायची, कारण टेप पहिल्याच वर्षी गंजली होती. मी म्हणायचो, मापं झाली, आता कपडे शिव तिला. ती म्हणायची, आधी होडी सरळ धरा, मग बोला.

मॅडमनी वही दुपारभर वाचली. बाई सरळ आहेत, आडपडदा नाही. त्या म्हणाल्या, काकूंची वीत किती सेंटीमीटरची, हे कोणालाच माहीत नाही. शिवाय साडेतेरा वितींच्या चौदा व्हायला आठ वर्षं लागली आणि पुढच्या दोनच वर्षांत एकदम साडेपंधरा. असलं प्रवाळ इतक्या झपाट्याने वाढत नाही. केंद्राच्या नोंदवहीत हे आकडे घेता येणार नाहीत.

मी म्हणालो, तीस माणसांचं जेवण ती अंदाजाने करायची आणि पातेल्यात घासभर उरायचं नाही. तिचं माप चुकणार नाही.

"काका, तुमच्या शब्दावर आकडे घेता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. पण ती वही मला परत कपाटात ठेवायची नव्हती. तिने जन्मभर जे केलं ते लोकांनी जेवून संपवलं. उरलेलं एवढंच होतं.

मुलांमध्ये जाड भिंगांची एक मुलगी होती, बाकीचे तिला चष्मिस म्हणायचे. तिने वही मागून घेतली. दरवर्षी म्हातारीच्या आधी ठोकळ्याची एक ओळ होती; पहिल्या पानावर: ठोकळा, पाच वीत. हे काय, तिने विचारलं. मी सांगितलं, नांगर प्रवाळावर पडू नये म्हणून आम्ही तळाला सिमेंटचा ठोकळा सोडलाय, होडी त्याला बांधतो. ती आधी तो मोजायची. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, दम तपासत असेल.

चष्मिस म्हणाली, "काका, सिमेंट वाढत नाही ना."

सकाळी मी होडी काढली. एक पोरगा खारं पाणी पिऊन ओकला, तर बाकीच्यांनी त्याला माशांना खाऊ घालू नये हा नियम ऐकवला. ठोकळ्याची कड घासून मुलांनी तो तीनदा मोजला. पंचाण्णव सेंटीमीटर. म्हणजे वीत एकोणीसची. मी मॅडमना म्हणालो, तिचं माप चुकलं नव्हतं.

पण आठ वर्षं पाच वीत असलेला ठोकळा वहीत नवव्या वर्षी सव्वापाच वीत लिहिला होता आणि दहाव्या वर्षी साडेपाच. मॅडम म्हणाल्या, बघा, चूक इथेही आहे. पाण्यात लिहायची पाटी मांडीवर घेऊन चष्मिस हिशेब करत बसली. मग म्हणाली, ठोकळा तेवढाच आहे, वीत लहान झालीय. नवव्या वर्षी अठरा आणि जराशी, दहाव्या वर्षी सतरा आणि थोडी. त्या त्या वर्षीच्या वितीने धरलं तर म्हातारी आठव्या वर्षापासून दोनशे सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. वर्षाला सेंटीमीटरभर.

मॅडमनी पाटी ओढून घेतली आणि स्वतः दोनदा हिशेब केला. मग मला विचारलं, काकूंच्या हाताला काही झालं होतं का.

झालं होतं. बोटं आखडायचं दुखणं. पुढे ते फुप्फुसात गेलं. डॉक्टरांनी सांगितलं गेल्या वर्षी. वही त्याच्या आधीच्या वर्षापासून सांगत होती. त्या काळात तिच्या हातून झाकणं पडायची आणि मी तिला लक्ष कुठे असतं म्हणून बोलायचो. दोरी मोजताना मी तिच्या समोर बसलेला असायचो. तिला ठोकळ्यावरून कळलं असणारच. मला सांगितलं नाही, पण आकडा आला तसा लिहिला.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं.

"दहाही वर्षं घेऊ," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलांची टेप इतक्या वेळा कोणी तपासत नाही."

मग चष्मिसने पाण्यात उतरून या वर्षीचं माप घेतलं, दोनशे एकोणसत्तर. मी होडी सरळ धरली होती. दुपारी केंद्रात बसून तिने सगळं नोंदवहीत उतरवलं. पहिल्या दहा मापांपुढे मोजणाऱ्याच्या रकान्यात तिने माझ्या बायकोचं नाव लिहिलं, आणि मोजण्याचं साधन या रकान्यात लिहिलं: वीत, दरवर्षी तपासलेली. खाली साक्षीदाराची सही लागते. ती मी केली.