निजलेल्या बोडीची पार्बताबाई

वैशाखात तडकलेल्या गाळावर अनवाणी टाच आपटली की जो पोकळ, मातकट नाद उमटतो, त्या नादातच पार्बताबाई माझ्या स्मरणात वसली आहे. मूल गावाच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये तिची बोडी होती. पावसाळ्यात तुडुंब भरणारं आणि होळीनंतर आटत जाणारं लहानसं तळं. बाई ढिवराच्या घरातली. पाणी असेतो जाळं टाकायची, आणि आटल्यावर अशी टाच आपटत फिरायची, झोपलेल्या घराची कडी हळूच वाजवावी तशी. आत कुठे ओल उरली आहे, हे तिला आवाजावरून कळे.

मी तरुण मोजणीदार. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात भातगिरणीच्या गोदामासाठी जागा मोजायला तिथे गेलो होतो. अंगाची लाही होत होती. भेगाळलेल्या जमिनीकडे एकदा बघून मी निर्धास्तपणे कागदावर 'पडीक' लिहिलं.

"काय लिवलं जी, साहेब?" बाईनं विचारलं. मी सांगितलं.

ती हसली. "पडीक नाई जी, निजली हाये. तुमी निजल्यावर तुमाले कोनी मेला म्हन्ते का?"

मग विळ्यानं गाळाचं एक ढेकूळ काढून, मडक्यात घालून तिनं माझ्या हाती दिलं. "पानी टाका अन् पाहा."

गंमत म्हणून टाकलं. तिसऱ्या दिवशी त्या पाण्यात केसाएवढं काही थरथरलं. आठवड्याभरात कोळंबीच्या पिल्लांसारखे, काचेच्या अंगाचे जीव उताणे पोहू लागले. कचेरीतलं काम सोडून मी मडक्यात डोकं घालून बसू लागलो. इतके दिवस हे होते कुठे? कुणाच्या भरवशावर थांबले होते?

तोवर कागद पुढे गेला होता. तो परत मागवायला माझी जीभ रेटली नाही. साहेबांपुढे चूक कबूल करायची लाज वाटली, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात बोडीत मुरूम पडला. भरावावर उभं राहून बाईनं टाच आपटली. नाद आला नाही. माझ्याकडे वळून तिनं एवढंच विचारलं, "मडकं हाये ना जी?"

आज बाई नाही. मडकं आहे. दर उन्हाळ्यात मी तो गाळ वाळू देतो आणि मृग लागला की पाणी ओततो. दर वर्षी ते जीव उताणे पोहत उगवतात. बोडी बुजली, हे त्या गाळाला इतक्या वर्षांत कोणी सांगितलेलं नाही. आणि ज्यानं सांगायचं, त्याची अजून हिंमत होत नाही.