पंधरा मिनिटं पाणी

रकाना ७. प्रशिक्षित कामगारांपैकी वर्षभरात अपघात झालेल्यांची संख्या: ________

फॉर्म दिल्लीहून आलेला, इंग्रजीत टंकलेला. मालिनी तो मनातल्या मनात मराठीत वाचत होती आणि सातव्या रकान्यापाशी तिचं पेन अडलं होतं. बाकीचे रकाने तिनं सकाळीच झरझर भरून टाकले होते.

"निरंक लिहा," विभागप्रमुख श्यामकांत सर दारातूनच म्हणाले.

"सर, महिपतीचा डोळा गेलाय."

"महिपतीची केस कोर्टात आहे, मॅडम. तो अपघात की त्याचा निष्काळजीपणा, हे कोर्ट ठरवणार. ठरेपर्यंत आपल्याकडे अपघात नाही. म्हणजे निरंक."

सर वाईट माणूस नव्हते. विद्यार्थ्यांच्या फीसाठी स्वतःच्या खिशात हात घालत. पण या फॉर्मावर पुढच्या तीन वर्षांचं अनुदान अवलंबून होतं आणि अनुदानावर मालिनीची नोकरी. शेजारीच ठाण्याच्या कामगार न्यायालयाचं समन्स पडलं होतं. उद्या अकरा वाजता विभागातर्फे साक्ष. साक्षीला बोलावलं होतं महिपतीच्या कंपनीनं.

रकाना २. प्रकल्पाची पार्श्वभूमी (दोन ओळींत)

दोन ओळींत कशी मावायची? भोपाळमध्ये एका रात्रीत हजारो माणसं मेली आणि सरकारला एकदम आठवलं, की कारखान्यात माणसं काम करतात. कुठल्याशा योजनेतून विद्यापीठांना पैसे सुटले: कामगारांना सुरक्षा शिकवा, आरोग्य शिकवा. उल्हासनगरच्या या कॉलेजात केंद्र उघडलं. अंबरनाथ-बदलापूरच्या रसायन कारखान्यांतून कामगार यायचे, पहिली पाळी संपवून, चार वाजता. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मालिनीला कंत्राटावर घेतलं. बदलापुरात कात्रपला तिच्या आईनं चाळीत पेढे वाटले होते.

रकाना ४. अनुदानातून घेतलेली उपकरणे

डोळे धुण्याचं यंत्र, एक. पायानं खटका दाबायचा, की दोन तोट्यांतून कारंजं उडतं आणि माणसानं त्यात डोळे उघडे धरायचे. व्हरांड्यात बसवलं, वर पितळी पाटी लावली, कुलगुरूंनी फीत कापली. पाण्याची जोडणी पुढच्या टप्प्यात होणार होती. दसऱ्याला शिपाई सदूनं इतर यंत्रांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दुसरा दसरा आला, पुन्हा कुंकू लागलं. पाणी काही आलं नाही.

पुढच्या गोष्टीला फॉर्मात रकाना नाही.

पहिल्या तुकडीत महिपती होता. बदलापूरजवळच्या गावचा, घरची थोडी भातशेती, शाळा चौथीपर्यंत, आणि अंबरनाथच्या एका कंपनीत कॉस्टिक सोड्याच्या खात्यात अकरा वर्षं. पहिल्या बाकावर बसायचा, जीभ दाताखाली धरून लिहायचा.

"डोळ्यात काही उडालं तर काय कराल?" मालिनीनं विचारलं होतं.

वर्ग एका सुरात: "पंधरा मिनिटं पाण्यानं धुणार!"

महिपतीचा हात वर. "बाई, आमच्या खात्यातल्या नलाला सकालीच काय तो पानी. आठ वाजले का ठणठण."

"मग कॅन्टीनमधून आणायचं."

"कॅन्टीनवाला तांब्या देईल. तांब्यात पंधरा मिनिटं बसतील का?"

मागून कुणीतरी ओरडला, "अरे महिपती, तू रो ले ना! आँसू फ्री में आते हैं!" वर्ग खदखदून हसला. मालिनीसुद्धा हसली. मग तिनं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "परीक्षेत पंधरा मिनिटं लिहा. बरोबर उत्तर तेच आहे."

महिपतीनं तेच लिहिलं. वीसपैकी अठरा. प्रमाणपत्रावरचा फोटो बघून त्याची बायको बनूबाई म्हणाली होती म्हणे, की लग्नातपण एवढा ताठ बसला नव्हता.

एप्रिलमध्ये दुपारी अडीचला पिंप उलटं करताना कॉस्टिक उडालं. खात्यात चौघांत एक संरक्षक चष्मा, तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर. नळ कोरडा. कॅन्टीनमध्ये नेलं, तांब्याभर पाणी मारलं. रसायनवाल्या कामगारांना कंपनी पावशेर दूध देते, कुणीतरी तेही डोळ्यात ओतलं. रिक्षा मिळेपर्यंत डावा डोळा पांढरा झाला होता.

कंपनीनं भरपाई नाकारली. कारण? हा कामगार सरकारी अनुदानातून, विद्यापीठात, रीतसर शिकलेला आहे. चष्मा घालायचा हे त्याला ठाऊक होतं. डोळा पंधरा मिनिटं धुवायचा हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. तरी धुतला नाही. म्हणजे सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला. पुरावा म्हणून सोबत जोडली होती महिपतीच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स.

ती झेरॉक्स विभागानंच दिली होती. फक्त पुढच्या बाजूची.

बनूबाई विभागात येऊन बसली होती ते मालिनी विसरली नव्हती. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसली. "बाई, तुमी शिकविलंत तवा ह्यो शिकला. आनी शिकला म्हनून आता पैका नाय म्हंतात. मंग अडानी ऱ्हायला असता तं बरा होता का?"

त्या संध्याकाळी मालिनीनं कपाट उघडून मूळ उत्तरपत्रिका काढली, उलटवली, वाचली आणि परत ठेवली. दहा महिने ठेवली.

आता फॉर्म तसाच सोडून ती उठली. कपाटातून तो कागद काढला आणि पर्समध्ये घातला.

"विभागाची कागदपत्रं बाहेर नेता येत नाहीत, मॅडम," सर म्हणाले.

"झेरॉक्स गेली की बाहेर."

"ती मागितली होती."

"अर्धीच कशी मागितली त्यांनी? मागं काय आहे हे त्यांना कसं कळलं, सर?"

सर हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या टप्प्यात नऊशे कामगार शिकतील. विचार करा."

"काय शिकतील?"

रकाना ९. तज्ज्ञांचे मत

कोर्टात कंपनीचा वकील गोड बोलत होता. "मॅडम, हे अक्षर अर्जदाराचं?"

"हो."

"उत्तर बरोबर आहे?"

"पूर्ण गुण दिलेत मी."

"म्हणजे त्याला माहीत होतं. बस, एवढंच."

"कागद अर्धाच आहे," मालिनी म्हणाली. पर्समधून मूळ कागद काढून तिनं उलटा केला. "मागची बाजू वाचते."

वकील उठला, आक्षेप घेतला. न्यायाधीशांनी कागद मागवून घेतला आणि स्वतःच मोठ्यानं वाचला. मोडकं अक्षर, लावत लावत:

"बाई आमच्या नळाला पाणी नाही. तुमच्या मशीनला पण नाही. मग पंधरा मिनीट डोळ्यात काय घालायचं ते सांगावे."

"आणि खाली लाल शाईनं कोणी लिहिलंय, 'अभ्यासक्रमाबाहेर'?"

"मी."

मागच्या बाकावर महिपती बसला होता. एका डोळ्यानं तो तिच्याकडे बघत होता, रागानं नाही, वर्गात बघायचा तसाच.

"या माणसाला मी काही शिकवलेलं नाही," मालिनी म्हणाली. आवाज चढला, तिनं चढू दिला. "मी त्याच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. चष्मा कसा बसवायचा ते दाखवलं नाही, डोळा धुवून दाखवला नाही. प्रमाणपत्रावर सही माझी आहे. त्यानं नियम मोडला नाही, साहेब. त्याला नियम पाळायला पाणी नव्हतं. त्यानं ते आधी लिहून कळवलं होतं आणि मी त्याचे गुण मोजत बसले होते."

"ते यंत्र आता चालू आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्याच्यावर दोन दसऱ्यांचं कुंकू आहे. पाणी नाही."

निकाल राखून ठेवला गेला.

बाहेर जिन्यावर बनूबाईनं तिचा हात घट्ट धरला. महिपती जवळ आला. "बाई, एक विचारू? त्या प्रश्नाचा उत्तर काय व्हता?"

तो खरंच विचारत होता.

रकाना ७. एक. डावा डोळा. (जागा अपुरी असल्यास स्वतंत्र कागद जोडावा.) जोडला आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं फॉर्म सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी वाचला आणि सही न करताच पेनाचं टोपण बंद केलं.

चार वाजता नवी तुकडी आली. बावीस माणसं. मालिनीनं फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळ्यांना व्हरांड्यात नेलं, यंत्राभोवती उभं केलं, वाळकी माळ बाजूला सारली.

"डोळ्यात काही उडालं तर पंधरा मिनिटं धुवायचं. बघू या धुवून."

तिनं मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि पायानं खटका दाबला.

पहिलं मिनिट. तोट्या कोरड्या. एकजण हसला.

दुसरं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, पानी किधर है?"

तिसरं. "थांबा," मालिनी म्हणाली. "तुमच्या डोळ्यात कॉस्टिक आहे. जायचं नाही."

चौथं, पाचवं. एका म्हाताऱ्या कामगारानं नकळत डोळे चोळले.

सातवं. "आमच्याकडे पण असंच आहे," एकजण हळूच म्हणाला. दुसरा म्हणाला, "आमच्याकडे तर नळच नाही." मग तिसरा, चौथा. मालिनीनं सदूला वही आणायला सांगितलं. "एकेकानं बोला. खातं, कंपनी, नळ किती वाजेपर्यंत. सदू, लिही."

नववं मिनिट. केबिनचं दार उघडलं.

"काय चाललंय हे, मॅडम?"

मालिनीनं खटक्यावरचा पाय काढला नाही.

"प्रात्यक्षिक, सर. सहा मिनिटं राहिलीत."