बाकडी बसवलेली काहील

मी एक जुनी काहील आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं असेल ते मला ओळखतील. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, उसाचा रस आटवून गूळ करायची जी भली मोठी लोखंडी परात असते ना, ती मी. दहा माणसं मांडी घालून बसतील एवढी रुंद आहे, आणि माझे काठ गुडघाभर उंच आहेत. मला पुढची बाजू नाही की मागची बाजू नाही. मी गोल आहे. हे शेवटचं वाक्य तेवढं ध्यानात ठेवा. आमच्या गावच्या वाहतूक सुधारणा समितीनं ते ठेवलं नाही, आणि म्हणून मला आज हे सगळं सांगत बसावं लागतंय.

माझा जन्म कराडच्या एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. जाड पत्र्याचे तुकडे त्यानं रिबिटांनी एकमेकांत जखडले, आणि बैलगाडीत पालथं घालून मला कृष्णाकाठच्या एका वाडीला धाडलं. तिथे ज्योतिबा नावाचा गुळव्या होता. उकळत्या पाकाकडे नुसतं बघून तो "उतरवा" म्हणायचा, आणि सहाजण वाशांवर तोलून मला चुलवाणावरून खाली घ्यायचे. एक क्षण इकडे नाही, एक क्षण तिकडे नाही. "हिच्या बुडाला रस लागत न्हाई," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. तेव्हा मी काय खूश व्हायची! गोड वासात, चिपाडाच्या धगीत माझी पंधरा वर्षं कशी गेली ते कळलं नाही.

मग सहकारी साखर कारखाना निघाला. ऊस ट्रकांतून तिकडे जायला लागला. गुऱ्हाळ बंद पडलं आणि मी बाभळीखाली पालथी पडले. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या. कोंबड्यांना वाईट म्हणत नाही, पण तुम्हीच सांगा, जिच्यात गूळ झाला तिनं खुराडं व्हावं?

मला तिथून उचललं ते ज्योतिबाच्या सुनेनं, राहीबाईनं. नवरा मुंबईला गिरणीत, सासरा थकलेला. चार गडी बोलावून तिनं मला चाकासारखं घरंगळत नदीवर नेलं. अलीकडच्या करंजापासून पलीकडच्या घाटावरच्या दगडातल्या कडीपर्यंत तिनं दोर बांधला. माझ्यात उभं राहून, दोर हातानं मागे ओढत ओढत ती माणसं पलीकडे न्यायची. लोक सुगीला घरटी जोंधळा द्यायचे. पावसाळ्यात पूर आला की दोर सोडायचा नि मला काठावर घ्यायचं. पूर ओसरला की पुन्हा पाण्यात.

पलीकडे गाव होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण समितीचे सगळे सभासद अजून हयात आहेत. साताऱ्याकडून सांगलीकडे येताना लागतं एवढंच समजा. गाव फार जुनं, आणि त्याचा त्याला फार अभिमान. सगळा बाजार, शाळा, दवाखाना, कचेरी एका दगडी वेशीच्या आत. वेस बांधली तेव्हा तिच्यातून घोडा जाणार एवढाच हिशेब होता. आता एका बाजूनं उसाची गाडी, दुसऱ्या बाजूनं एस.टी. आणि मध्ये कुणाची तरी म्हैस आली, की पाऊण तास सगळं जिथल्या तिथे. वाडीहून पुलावरून जायचं तर तीन मैल आणि वर ही वेस. माझ्यातून दहा मिनिटं, आणि घाट वेशीच्या आतच.

चौऱ्याहत्तर साली दिवाळीनंतर चारुशीलाबाई रोज माझ्यातून जायला लागल्या. त्या वाडीच्या सूनबाई. गावातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा त्यांची छकुली चार महिन्यांची होती. सासूबाई, लीलाबाई, तिला सांभाळायच्या, पण छकुली बाटली तोंडात धरायची नाही. गाईचं दूध चमच्यानं पाजलं तर सगळं बाहेर. म्हणून दुपारच्या सुट्टीत बाई पदर खोचून घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, माझ्यातून वाडीला यायच्या, तिला पाजायच्या आणि घंटा व्हायच्या आत परत. वाडीकडे जाताना त्या काठावर बोटांनी ताल धरायच्या. शाळेकडे परत येताना त्यांचे हात स्वस्थ मांडीवर असायचे. माझ्यातून खूप माणसं गेली, पण कुणाचे हात जाताना एक नि येताना एक असे मी पाहिले नव्हते.

आता समिती.

समितीत सातजण होते. तिची सभा कचेरीत भरायची, पण बाजाराच्या दिवशी निम्मे सभासद वेशीतच अडकायचे आणि सभा रद्द व्हायची. असं तीनदा झाल्यावर त्यांनी घाटावर, वडाच्या पारावर सभा घ्यायचं ठरवलं. वाडीकडचे तीन सभासद सभेला माझ्यातून यायचे. माझ्यातून उतरायचे, पारावर बसायचे आणि गावात येण्याजाण्याची काही सोय नाही यावर दोन तास बोलायचे. मी खाली पाण्यात. मित्रांनो, मला तोंड असतं तर!

एक इंजिनिअर होते, गोपाळकृष्णराव. ते गावामागच्या किल्ल्यावरून बाजारात तारेवरचे पाळणे सोडा म्हणत होते. किल्ल्यावर कोण राहतं, असं कुणीतरी विचारलं. तिथे फक्त वटवाघळं राहतात असं निघालं, तेव्हा तो विषय पुढच्या सभेवर गेला. लालासाहेब म्हणाले, सगळी माळवदं एकमेकांना चिकटून आहेत, तर माणसांनी माळवदांवरूनच चालावं. त्यावर सुभेदार कृष्णात यांनी विचारलं, की माळवदावर मिरच्या वाळत घातल्या असतील तर उजवीकडून जायचं की डावीकडून. सुभेदार फौजेतून आलेले. त्यांना आसामात पाहिलेली पाण्यावर चालणारी मोटार हवी होती. आणखी एकानं सुचवलं, वेशीतून सकाळी सगळ्यांनी फक्त आत जावं, संध्याकाळी फक्त बाहेर. यावर मतदान झालं. चार विरुद्ध तीन मतांनी ते पडलं.

शेवटी अध्यक्ष आप्पासो यांची नजर माझ्यावर पडली. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीवर नगरपालिकेची पाटी हवी असायची. ते म्हणाले, आपल्याकडे जलमार्ग आहे आणि आपण तो अधिकृत केलेला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, कुणाला तरी दिसलं. कौतुक ऐकून मी पुन्हा एकदा हुरळले, याची आज लाज वाटते.

ठराव झाला: काहिलीला रंग द्यावा, क्रमांक द्यावा, आणि सार्वजनिक वाहनात असावी तशी बसण्याची सोय करावी. म्हणजे बाकडी. एकामागे एक दोन, तोंड पुढच्या दिशेला.

राहीबाई पायरीवर उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आवं आप्पासो, हिच्यात बूड टेकून बसायचं असतं. उंचावर बसला तर कलंडंल. आन ही फिरती. हिला पुढं कुठनं आणायचं?"

आप्पासो म्हणाले, तज्ज्ञ मंडळी बघतील. तज्ज्ञ मंडळींनी मला नदीतून काढलं आणि पाणीपुरवठ्याच्या फिटरला सांगितलं, बाकडी पक्की बसली पाहिजेत. बाकड्यांना पाय आठ. फिटरनं माझ्या बुडाला आठ भोकं पाडली. प्रत्येकात बोल्ट, प्रत्येकाला रबराचा वायसर. जिच्या बुडाला रस लागत नव्हता त्या माझ्या बुडाला! होडीला भोक पाडतात हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

या सगळ्यात सव्वा महिना गेला. रंग वाळायचा होता, आकड्यावर एकमत व्हायचं होतं, उद्घाटनाची तारीख मिळायची होती. त्या सव्वा महिन्यात चारुशीलाबाई दुपारी पुलावरून पळायच्या. वाटेत कुणाची सायकल मिळाली तर मिळाली. वेस कधी मोकळी, कधी बंद. शाळेत कधी पंधरा मिनिटं उशीर, कधी पाऊण तास. वर्गात साठ मुली आणि बाई नाहीत. मुख्याध्यापिका विनोदिनीबाई स्वतः दोन लेकरांच्या आई. त्यांनी दोनदा काणाडोळा केला, तिसऱ्यांदा समज दिली, आणि मग लेखी कळवलं की आता यापुढे एकदा जरी उशीर झाला तर वर कळवावं लागेल. बाईंची नेमणूक अजून कायम झालेली नव्हती. इकडे छकुली हडकायला लागली होती. एका हातात नोकरी नि दुसऱ्या हातात पोर, आणि दोन्हीच्या मध्ये ती वेस.

उद्घाटन गुरुवारी अकराला होतं. सुरू झालं सव्वाबाराला. मला झेंडूचे हार घातले होते. भाषणं झाली, नारळ फुटला. तोवर शाळेची सुट्टी झाली. चारुशीलाबाई घाटावर येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे लीलाबाई छकुलीला घेऊन काठाला आलेल्या. पोर रडत होतं. नदी तशी रुंद, पण रडणं ऐकू येत होतं. बाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. पोर रडलं की आईला पान्हा फुटतो, मित्रांनो. त्याला ठराव लागत नाही.

मान्यवर बाकड्यांवर बसले. आप्पासो सगळ्यांत पुढे. राहीबाईनं दोर ओढला. दहाएक हात गेलो असू, मी माझ्या स्वभावाप्रमाणे फिरले आणि आप्पासो सगळ्यांत मागे गेले. लालासाहेब म्हणाले, अध्यक्षांची जागा पुढेच पाहिजे. म्हणून दोघे जागा बदलायला उठले. मी कलंडले. बोल्ट हलले, वायसर सरकले आणि आठही पायांपाशी पाणी बुडबुडायला लागलं. राहीबाईनं दोर उलटा ओढला. मंडळी घोट्यापर्यंत भिजून घाटावर उतरली.

आणि तिथेच चर्चा सुरू झाली. वायसर हलके होते की बाकडी जड होती. चौकशीसाठी उपसमिती नेमावी की मूळ समितीनंच करावी. चारुशीलाबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मग त्या पुढे झाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"आप्पासाहेब, माझी सुट्टी संपायला पाऊण तास आहे. आज उशीर झाला तर माझी नोकरी जाते, आणि आज गेले नाही तर ती उपाशी राहते. यातलं कुठलं होऊ द्यायचं ते तुमची समिती ठरवणार का?"

 

राहीबाई फिटरला म्हणाली, "बाकडी काढ." त्यानं पान्यानं बोल्ट सोडले. आठ भोकं उघडी पडली. राहीबाईनं उद्घाटनाच्या टेबलावरचं फडकं फाडून आठ बोळे केले, भोकांत कोंबले आणि कमरेवर हात ठेवून समितीकडे पाहिलं.

"आता आठजण बसा खाली. एकेका बोळ्यावर एकेकाची टाच. दाबून धरायची. टाच उचलली की बुडालो."

समिती सातजणांची आणि आठवा फिटर. हिशेब कसा चोख जमला बघा. सगळ्यांत आधी सुभेदारांनी बूट काढले. "चला लालासाहेब, फॉल इन," ते म्हणाले. लालासाहेबांनी धोतर आवरलं. गोपाळकृष्णराव मोजे काढायला वेळ लावत होते, तर राहीबाई म्हणाली, "मोजं ऱ्हाऊ द्या साहेब, तेवढंच फडकं वाढंल." सगळ्यांत शेवटी आप्पासो बसले. चारुशीलाबाई मधोमध.

पलीकडे पोचायला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. बाईंनी लीलाबाईंकडून छकुलीला घेतलं आणि करंजाआड गेल्या. लीलाबाई पदर पसरून पुढे उभ्या. रडणं थांबलं. इतकं एकदम थांबलं की पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

समितीला मात्र उतरता येईना. उतरायचं तर टाच उचलावी लागणार, आणि टाच उचलली तर मी भरणार. दहा मिनिटं आठ माणसं पाय ताठ करून, नदीकडे तोंडं करून माझ्यात बसून राहिली. मी फिरायला लागले की मान वळवायची, मी उलट फिरले की उलट वळवायची. कुणी एक शब्द बोललं नाही. त्या समितीच्या इतक्या सभा मी ऐकल्या, पण काही कामाची अशी ही एकच झाली.

बाई घंटेच्या आधी दोन मिनिटं शाळेत पोचल्या.

पुढच्या आठवड्यात लोहारानं माझ्या भोकांना रिबिटं मारली. बाकडी घाटावरच राहिली. म्हातारी माणसं तिथे बसतात, बरं झालं. समितीच्या इतिवृत्तात मात्र प्रयोग अंशतः यशस्वी असं लिहिलंय, आणि बाकडी पुन्हा कशी बसवावी याचा विचार चालू आहे. अजून चालू आहे.

चारुशीलाबाई रोज दुपारी येत राहिल्या. थंडी गेली, उन्हं तापली. मग चैत्रात एका दुपारी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी घाटाला लागून हेलकावत राहिले. तिसऱ्या दिवशी राहीबाई कुणाला तरी सांगत होती, "आता कशाला येतील बाई? पोर वरणभात खाया लागलं. लय आवडतो म्हणं." मला फार आनंद झाला, आणि त्या दुपारी कुणाला पलीकडे जायचं नसतं तर बरं, असंही वाटलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले काही समित्यांवर बसतील. गाव सुधारायला तारेवरचे पाळणे आणा, पाण्यावरच्या मोटारी आणा. मी काही अडवत नाही. पण कामाला येणारी जुनी वस्तू दारात असेल तर तिला आधी नीट बघा. पलीकडच्या काठावर कोण रडतंय ते ऐका. वर्षातून एकदा माझ्या बुडाला डांबर लावा. आणि भोकं पाडण्याआधी राहीबाईला विचारा.