सुनेला हाक

इंग्रजी बोलणारी सून आज पहिल्यांदा घरी येणार होती. तिला लाडानं काय म्हणावं, ते त्याच्या बायकोचं ठरत नव्हतं. जन्मभर प्रयोगशाळेत काम केलेली ती, शब्दही नवऱ्यावर तपासत होती.

“डार्लिंग, नळ बंद करा!”

“अगं, शेजारी ऐकतील!”

“स्वीटहार्ट, ओला टॉवेल उचला!”

त्याला हसू आवरेना.

“दात काय काढता? रागावतानाही जो शोभेल, तोच शब्द घ्यायचा. पाहुणीवर कोण रागावतं? लेकीवर रागावतात. डियर, चष्मा कपाळावर आहे!”

हे मात्र त्याला गोड वाटलं.

सून आली. अवघडून चार घास खाल्ले आणि ताट उचलायला उठली.

“डियर, खाली बस! पोटभर जेव!” बायको मराठीतच कडाडली.

सून खुदकन हसली, बसली आणि तिनं ताट पुढे केलं. तो बायकोकडे बघतच राहिला.