मुरुमच्या शेजारचं मुरुम-घर

अकरा वाजता वाचनालयात अप्पांचं संकेतस्थळ सुरू करायचं होतं आणि दहाला त्यात भोक सापडलं.

अप्पा, माझे वडील, मुरुम गावात पोस्टमन होते. टपाल वाटता वाटता त्यांनी म्हाताऱ्या बायकांची गाणी टेप केली. चार महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांच्या संगणकात दोन फोल्डर निघाले. ‘मुरुम’मध्ये सगळ्यांना ऐकवायची गाणी होती, ‘मुरुम-घर’मध्ये लोकांनी विश्वासानं सांगितलेलं. गाणी सांगणाऱ्या सिद्धम्मांचंही मन त्यात होतं. आपली गाणी द्यायला त्या एकाच अटीवर तयार झाल्या, विश्वासानं सांगितलेलं ते कुणाच्याही कानी जाऊ नये.

संकेतस्थळासाठी मी नियम लिहिला होता. कुणी फाइल मागितली, की आधी तिचा खरा, पूर्ण पत्ता काढायचा. तो ‘मुरुम’पासून सुरू होत असेल तरच फाइल द्यायची. पुण्यात हेच काम करणाऱ्या शिवांजलीला, माझ्या मावसबहिणीला, मी हे फोनवर जरा ऐटीतच सांगितलं.

ती म्हणाली, “अक्का, एवढी पुस्तकं वाचलीस. ‘मुरुम-घर’ कशापासून सुरू होतं?”

मी पत्त्यात दोन टिंबं देऊन एक पायरी मागं गेले आणि शेजारचं फोल्डर मागितलं. लगेच आवाज आला.

“सिद्धम्मा, चालू करू का?”

अप्पा. चार महिन्यांनी.

मी तिथंच थांबवलं. पुढचं माझ्यासाठी नव्हतं.

नव्या पोस्टमनला अप्पा सांगायचे, अर्धं नाव वाचून पत्र टाकायचं न्हाय, उंबऱ्यापर्यंत जायचं. आणि एकदम लक्षात आलं. फोल्डरच्या नावापुढची तिरकी रेघ म्हणजे उंबराच की! माझ्या नियमात तीच नव्हती. पत्ता ‘मुरुम’पासून नव्हे, ‘मुरुम/’पासून सुरू व्हायला हवा.

एक रेघ घातली. पुन्हा तीच फाइल मागितली. नकार. शिवांजली फोनवरून वेडेवाकडे पत्ते सांगत गेली, मी टाकत गेले. नकार, नकार, नकार. दोघी लहानपणी चिंचा पाडताना हसायचो तशा हसत होतो. मग ‘मुरुम’मधलं एक गाणं मागितलं. ते लगेच वाजलं.

वाचनालयात सिद्धम्मा पहिल्याच खुर्चीवर होत्या. त्यांनी मला जवळ ओढलं.

“माजं ते?”

“घरातच आहे, सिद्धम्मा. दार लावलंय.”

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

“मग लाव की माजं गाणं,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं लाव.”